गेमक्यूबला चार गेम बॉय जोडताना

गेल्या डिसेंबरात भाऊ, वहिनी आणि दोन्ही भाचे ठाण्याहून तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला येणार असे ठरले, तेव्हा मला तळघरातल्या खोक्यात पडून असलेल्या गेमक्यूबची आठवण झाली. निन्टेंडोचा हा टीव्हीला जोडून खेळण्याचा २००१ सालचा कन्सोल मी विद्यार्थिदशेत, घर रिकामे करून निघालेल्या एका मुलीकडून जुन्यात घेतला होता. त्याच्यासोबत ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : फोर स्वोर्ड्स ॲडव्हेंचर्स’ ही २००४ सालची तबकडी आली होती. तिच्यातला चौघांचा खेळ मी कधीच खेळले नव्हते. त्याला चार माणसे लागतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक गेम बॉय ॲडव्हान्स (स्वतःचा पडदा असलेले निन्टेंडोचे छोटे खेळयंत्र) लागतो. माझ्याकडे त्या काळी यांपैकी काहीच नव्हते. आता मी, माझी लेक आणि दोन भाचे असे चौघे होणार होतो. उरला प्रश्न सामानाचा.

एकट्याने खेळताना ही तबकडी गेमक्यूबच्या नेहमीच्या कंट्रोलरवर चालते. दुसरा खेळाडू आला की मात्र कंट्रोलर चालत नाही. गेमक्यूबच्या पुढच्या बाजूला कंट्रोलरसाठी असलेल्या चार सॉकेटांमध्ये प्रत्येकी एक केबल लावायची आणि तिचे दुसरे टोक गेम बॉय ॲडव्हान्सच्या वरच्या कडेच्या सॉकेटात बसवायचे, अशी ही रचना आहे. त्यामुळे हातातले यंत्र कंट्रोलरचेही काम करते आणि खेळाडूचा खासगी पडदाही होते.

माझी पहिली चूक केबलीतच झाली. जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडून मी घाईने ‘गेम बॉय ॲडव्हान्सची लिंक केबल’ मागवली. पाकीट उघडले तर तिच्या एका टोकाला जांभळी पिन, दुसऱ्या टोकाला करडी पिन आणि मध्ये एक लहानशी डबी निघाली. ही केबल दोन गेम बॉय एकमेकांना जोडण्याची होती; गेमक्यूबच्या सॉकेटात तिचे कोणतेच टोक जाणे शक्य नव्हते. जी हवी होती तिच्यावर ‘डीओएल-०११’ असा क्रमांक असतो, हे मला त्यानंतर कळले. जांभळ्या पिनेची केबल मी खणात टाकली आणि योग्य केबली एकेक करून जमवल्या. त्यांतल्या एका नकली केबलीची पिन सैल होती, म्हणून तीही बदलावी लागली.

हातातल्या यंत्रांची जमवाजमव त्याहून रंगली. लेकीकडे जुना निन्टेंडो डीएस होता. त्यात गेम बॉय ॲडव्हान्सची कार्ट्रिज (खेळ साठवलेली छोटी डबी) चालते, म्हणून मी तो हिशेबात धरला होता. पण त्याला केबल जोडण्याचे सॉकेटच नाही. एका मैत्रिणीने मोठ्या मनाने दिलेला गेम बॉय मायक्रो दिसायला अतिशय देखणा होता, परंतु त्याचे सॉकेट वेगळ्या मापाचे असल्याने ही केबल त्यात बसेना. अखेर दोन मूळ ॲडव्हान्स आणि दोन घडीचे ॲडव्हान्स एसपी असा संच जमला. मूळ ॲडव्हान्सला दोन पेन्सिल सेल लागतात. त्यांतल्या एकात कोणीतरी वर्षानुवर्षे सेल तसेच ठेवले होते आणि पाझरलेल्या क्षाराने पत्र्यांवर पांढरी पूड धरली होती. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने मी ते पत्रे हलक्या हाताने पुसले, कोरड्या कापडाने टिपले, रात्रभर वाळू दिले आणि सकाळी बटण सरकवताच हिरवा दिवा लागला. त्या दिव्याचा मला झालेला आनंद घरात इतर कोणालाही कळला नाही.

टीव्हीशी जोडणी करणे त्यामानाने सोपे गेले. नव्या टीव्हीला पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची भोके नसल्याने एक लहान परिवर्तक मध्ये घालावा लागला, इतकेच.

पाहुणे आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही सगळे जोडले, आणि चारांपैकी तीनच यंत्रे गेमक्यूबने ओळखली. धाकट्या भाच्याच्या ॲडव्हान्सवर दर वेळी भलताच खेळ सुरू होत होता. केबली अदलाबदल करून, पिना काढून पुन्हा लावून अर्धा तास गेल्यावर माझे लक्ष गेले, की त्याच्या यंत्रात कार्ट्रिज तशीच राहिली होती. यंत्रात कार्ट्रिज असेल तर गेम बॉय ती वाचून मोकळा होतो. ती नसेल तर पडद्यावर ‘गेम बॉय’ ही अक्षरे उमटून यंत्र तसेच थांबते आणि केबलीतून काही येते का याची वाट पाहते. मग गेमक्यूब त्याच्याकडे एक छोटा प्रोग्रॅम पाठवतो, तो गेम बॉयच्या २५६ केबी स्मृतीत तात्पुरता उतरतो आणि यंत्र बंद केले की पुसला जातो. कार्ट्रिज काढायची नसेल तर स्टार्ट आणि सिलेक्ट ही दोन्ही बटणे दाबून धरून यंत्र सुरू केले तरी चालते. आम्ही कार्ट्रिज काढली आणि चौथा, जांभळ्या कपड्यांतला लिंक (या खेळाचा नायक) टीव्हीवर आला.

यापुढचा भाग मला शब्दांत नीट पकडता येईल असे वाटत नाही, तरी सांगते. मैदानात असेपर्यंत चौघेही टीव्हीवर दिसतात. पण एखादा गुहेत किंवा घरात शिरला की टीव्हीवरून नाहीसा होतो आणि त्याच्या हातातल्या पडद्यावर उमटतो. आत त्याला काय मिळाले हे इतरांना दिसत नाही. प्रत्येक टप्प्यात तलवारीला बळ येण्यासाठी सर्वांनी मिळून २००० रत्ने जमवायची असतात, मात्र कोणी किती गोळा केली याचा हिशेबही ठेवला जातो. म्हणजे एकीही हवी आणि चढाओढही. थोरला भाचा गुहेतून बाहेर येऊन ‘आत काहीच नव्हतं’ असे साळसूदपणे सांगायचा आणि धाकटा माझ्या मांडीवर रेलून ‘आत्या, तुझा पडदा दाखव ना’ म्हणून मागे लागायचा. या खेळाला एवढे सामान का लागते, याचे उत्तर मला त्या लपवाछपवीत मिळाले. एक पडदा चार भागांत चिरून ही गंमत साधली नसती.

अडचण एकच राहिली. मूळ ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे दिवाणखान्यात अंधार करून टीव्ही पाहण्याची मुलांची हौस मला मोडावी लागली आणि सोफ्यामागे टेबललॅम्प ठेवावा लागला. उजेड असलेले दोन्ही एसपी कोणी घ्यायचे यासाठी रोज चिठ्ठ्या टाकाव्या लागत.

‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’ही आम्ही दोन दिवस खेळलो. त्यात दोघेच खेळले तरी प्रत्येकी एक गेम बॉय लागतोच. कोणाला नकाशा दिसतो, कोणाला खजिना, म्हणून एकमेकांना सतत सांगत राहावे लागते. पण विषारी धुक्यात संरक्षण देणारा कलश एकाने वाहायचा असतो आणि तो मुलांपैकी कोणीच वाहायला तयार नसल्याने ते काम माझ्याकडे आले. माझ्या मते सर्वांत शहाणी रचना ‘पॅक-मॅन व्हर्सस’ची आहे. तिला एकच गेम बॉय आणि एकच केबल पुरते. पॅक-मॅनला हातात पूर्ण चक्रव्यूह दिसतो, टीव्हीसमोरच्या तीन भुतांना फक्त आपल्या आसपासचे दिसते आणि जो त्याला पकडेल त्याच्याकडे गेम बॉय जातो. वहिनी एरवी खेळाकडे फिरकत नसे, पण ती यात बसली आणि उठेना.

परतीच्या आदल्या दिवशी भाच्यांनी सारा संच ठाण्याला नेण्याचा हट्ट धरला. गेमक्यूबचा अमेरिकी अडॅप्टर १२० व्होल्टचा असल्याने तो आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावता येणार नव्हता. त्यासाठी वजनदार ट्रान्स्फॉर्मर न्यावा लागला असता आणि भावाच्या बॅगा आधीच काट्यावर होत्या. दोन मूळ ॲडव्हान्स मात्र पेन्सिल सेलवर कुठेही चालतात. तेव्हा मला खणातली केबल आठवली. ‘मारिओ कार्ट : सुपर सर्किट’ची एकच कार्ट्रिज एका यंत्रात घालून त्या केबलीच्या साहाय्याने दोघांना शर्यत खेळता येते; मर्यादित मार्गांवर आणि वेगवेगळ्या रंगांचे योशी (मारिओच्या खेळांतले एक पात्र) होऊन, पण येते. फक्त जांभळी पिन कार्ट्रिज असलेल्या यंत्राला लावायची, एवढे मी दोघांना बजावले. नेवार्कच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत ते दोघे दिसेनासे होईपर्यंत जांभळी पिन कोणाची यावरून भांडत होते.