कुमानो कोदो: जपानचा एकच कोपरा, पायी आणि सावकाश

जपान म्हटलं की आपल्याकडच्या टूरचा कार्यक्रम ठरलेला असतो, टोकियो, फुजी, बुलेट ट्रेन, क्योतो, ओसाकाला शॉपिंग आणि परत. आम्ही ते सगळं सोडून जवळजवळ पूर्ण सुट्टी किई द्वीपकल्पात काढली, म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेला जो डोंगराळ भाग समुद्रात घुसलाय तिथे, वाकायामा प्रांतात. इथे कुमानो कोदो नावाच्या जुन्या यात्रेच्या पायवाटा आहेत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी मोठी नणंद, ताई. ताईंनी साठी ओलांडलीय आणि गुडघे कुरकुरतात, त्यामुळे सावकाश जायचं हे कुठलं तत्त्वज्ञान नव्हतं, गरज होती. आणि तेच बरं झालं, कारण या वाटेवर भेटलेले निम्मे लोक रोज वीस-पंचवीस किलोमीटर हाणत होते आणि संध्याकाळी जेवताना पेंगत होते.

आधी पोचायचं बघू. शिन-ओसाकाहून कुरोशिओ नावाची एक्सप्रेस पकडायची, साधारण सव्वादोन तासात किई-तानाबे. सीटचं रिझर्व्हेशन करून घ्या, आणि शक्यतो समुद्राच्या बाजूची खिडकी मागा. सगळ्या जपानचा जेआर (जपान रेल्वे) पास या ट्रिपसाठी घेऊ नका, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झालाय आणि एकाच भागात फिरणाऱ्याला तो परवडतच नाही. सुटी तिकिटं काढा किंवा जेआर वेस्टचा कानसाई वाइड पास बघा, तो याच रेल्वेमार्गावरच्या शिंगू स्टेशनपर्यंत चालतो. तानाबेत स्टेशनला लागूनच टुरिस्ट ऑफिस आहे, तिथे नकाशा, बसचं टाइमटेबल आणि शिक्के मारायची पुस्तिका मिळते. एक रात्र इथेच काढा, सकाळची बस घ्या.

बसचं तंत्र समजून घ्या. मागच्या दाराने चढायचं, मशीनमधून नंबराची चिठ्ठी ओढायची, पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बोर्डावर त्या नंबरासमोर भाडं वाढत जातं, उतरताना चिठ्ठी आणि नेमकी चिल्लर डब्यात टाकायची. खिशात हजाराच्या नोटा आणि नाणी हवीतच. बसेस दिवसात मोजक्याच असतात, एक चुकली की दोन-तीन तास गेले समजा, म्हणून रोजचं चालणं बसकडे बघून ठरवायचं, उलटं नाही.

आम्ही नाकाहेची नावाची मुख्य वाट घेतली. ताकिजिरीपासून होंगूच्या मोठ्या देवस्थानापर्यंत साधारण ३८ किलोमीटर. सुरुवातीलाच चढ इतका उभा आहे की गप्पा आपोआप बंद होतात, झाडांच्या मुळांच्याच पायऱ्या झाल्यात आणि पाऊस झाला असेल तर त्या साबणासारख्या निसटतात. ताकाहारा फक्त चारेक किलोमीटरवर आहे पण आम्हाला तीन तास लागले. बहुतेक लोक ताकाहाराला चहा पिऊन पुढे जातात, माझं मत, तिथेच मुक्काम करा. भातशेतीच्या पायऱ्या, समोर डोंगरांच्या एकामागे एक रांगा, सकाळी दरीत धुकं भरलेलं आणि गावात ट्रॅक्टरशिवाय आवाज नाही. तिथलं छोटंसं देऊळही बघा, या वाटेवरच्या सगळ्यात जुन्या बांधणीचं, बाजूला कापराची अवाढव्य झाडं.

आता एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. फोटोत जे घनदाट प्राचीन जंगल दिसतं ना, त्यातलं बरंचसं लावलेलं आहे. जपानने युद्धानंतर इमारती लाकडासाठी सुगी आणि हिनोकीची झाडं डोंगरच्या डोंगर भरून लावली, सगळी एका वयाची, एका उंचीची, सरळ रांगेत. खाली उजेड नाही, पक्षी कमी. काही टप्पे खरंच कंटाळवाणे आहेत. (फेब्रुवारी ते एप्रिल सुगीचे परागकण उडतात, ॲलर्जी असेल तर मास्क आणि गोळ्या न्या, अर्धा जपान तेव्हा शिंकत असतो.)

म्हणूनच त्सुगिझाकुरा या वाटेवरच्या छोट्या देवस्थानाला पोचल्यावर थांबायला होतं. इथे देवळाच्या उतारावर मोजकेच पण खरोखरचे जुने सुगी उभे आहेत, बुंध्याला तिघांनी हात धरूनही कवळ पुरत नाही, आणि फांद्या बहुतेक एकाच बाजूला, दक्षिणेला, म्हणजे नाचीच्या धबधब्याकडे. ते वाचले त्याचं श्रेय तानाबेतल्या एका विलक्षण माणसाला जातं, मिनाकाता कुमागुसु, १८६७ ते १९४१. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करून आलेला, बुरशी आणि स्लाइम मोल्ड गोळा करणारा अभ्यासक. १९०६ मध्ये सरकारने छोटी देवळं मोठ्यात विलीन करायचा हुकूम काढला, देऊळ गेलं की त्याची राई तोडून लाकूड विकायला मोकळं. कुमागुसु त्याविरुद्ध लिहीत राहिला, भांडत राहिला. आपल्याकडे देवराया माहीत असलेल्या माणसाला हे प्रकरण वेगळं समजवावं लागत नाही. तानाबेत त्याचं घर बघता येतं, सुटताना किंवा परतताना तासभर द्या. त्सुगिझाकुराच्या खालीच नोनाकाचा झरा आहे, बाटल्या तिथे भरा.

वाट चुकायची भीती नको. दर ५०० मीटरला नंबराचा खांब आहे आणि चुकीच्या फाट्यावर 'ही कुमानो कोदो नाही' असा सरळ बोर्ड. २०११ च्या वादळात एके ठिकाणी डोंगर खचला, तिथे वळसा घालायला लावलाय, जुन्या नकाशावर विसंबू नका. वाटेवर ओजी नावाची छोटी देवस्थानं लागतात, काही ठिकाणी नुसता एक दगड उरलाय. तिथे खांबावर पक्ष्याच्या घरट्यासारखी लाकडी पेटी असते, आत शिक्का. ताईंना या शिक्क्यांचं वेड लागलं, पण स्टॅम्पपॅड बऱ्याचदा वाळलेलं असतं, तर तानाबेच्या स्टेशनरी दुकानातून एक छोटं पॅड घेऊन ठेवा.

चिकात्सुयु गावाच्या पुढचा टप्पा होंगूपर्यंत पंचवीसेक किलोमीटर आहे. नवरा कुरकुरला पण आम्ही त्सुगिझाकुरा बघून बस घेतली आणि होश्शिनमोनपासून शेवटचे सात किलोमीटर चाललो. गुडघे दुखणाऱ्यांनी, मुलं बरोबर असणाऱ्यांनी हेच करा, लाज वाटायचं काही कारण नाही. हा टप्पा बराचसा उताराचा, गावांमधून, घरांच्या दाराशी भाजी आणि उमेबोशी ठेवलेली, बाजूला पैसे टाकायचा डबा, माणूस नाहीच. उमेबोशी म्हणजे मिठात मुरवलेलं उमे नावाचं फळ, वाकायामाची खासियत, लोणच्याच्या खारात वाढलेल्या आपल्या जिभेला पहिल्या घासात पटतं.

याच टप्प्यात फुशिओगामी लागतं. इथून पहिल्यांदा होंगू दिसायचं म्हणून यात्रेकरू इथे गुडघे टेकायचे. इझुमी शिकिबू नावाची साधारण हजार वर्षांपूर्वीची कवयित्री, तिची गोष्ट सांगतात की इथवर आली आणि नेमकी पाळी आली. आता देवळात कसं जायचं म्हणून दुःखाने कविता केली, तर रात्री स्वप्नात देवाने कवितेतच उत्तर दिलं, मी तर धुळीत मिसळलेला देव, मला कसला विटाळ, ये. कुमानो हे बायकांना, आजाऱ्यांना, सगळ्यांना घेणारं देवस्थान म्हणून प्रसिद्ध होतं त्याची ही गोष्ट. दंतकथाच, पण ताईंनी बोर्ड दोनदा वाचला, मग म्हणाल्या, "हे आमच्या सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं होतं." चार दिवस बाहेर बसण्यात ताईंची वर्षं गेलीत.

होंगूला देवळापेक्षा मला ओयुनोहारा जास्त आवडलं. मूळ देवस्थान तिथे होतं, नदीकाठच्या वाळवंटात, १८८९ च्या पुरात बरंचसं वाहून गेलं, जे वाचलं ते वर टेकडीवर नेलं. आता खाली मोकळं गवत, झाडं आणि २००० साली उभारलेलं ३३.९ मीटर उंच तोरी, म्हणजे कमान. सगळे कमानीचा फोटो काढून परत फिरतात, तुम्ही आत जाऊन बसा.

मुक्काम युनोमिनेला, आणि दोन रात्री. दोन रात्री हा माझा या वृत्तांतातला सगळ्यात आग्रहाचा सल्ला. दरीतलं चिमुकलं गाव, मधून ओढा, आणि सगळीकडे गंधकाचा वास. ओढ्यात युझुत्सु नावाचा सिमेंटचा हौद आहे, त्यात जवळजवळ ९० अंशांचं पाणी उकळत येतं. समोरच्या दुकानात जाळीच्या पिशवीत अंडी आणि रताळी मिळतात, पिशवी खुंटीला अडकवून पाण्यात सोडायची. अंड्यांना १०-१२ मिनिटं, रताळ्यांना बराच वेळ, तोवर गावातल्या आज्या आपापल्या भाज्या उकडायला आणतात आणि तुमची पिशवी नीट लटकली नसेल तर न बोलता सरळ करून देतात. आम्ही तिथे मिठाची पुडी आणि थोडं तिखट घेऊन बसलो होतो, रताळं तसं खाल्लं ते अजून आठवतंय.

त्सुबोयु ही त्याच ओढ्यातली लाकडी खोली, आत दोन माणसं जेमतेम मावतील एवढं कुंड. बुकिंग नाही, सार्वजनिक स्नानगृहाच्या काउंटरवर पैसे भरून नंबराची पाटी घ्यायची, अर्धा तास तुमचा. सकाळी लवकर जा. अंगावर कपडा चालत नाही, पण हे कुंड फक्त तुमच्यासाठीच असतं, तेव्हा इतर ठिकाणच्या सामूहिक स्नानाला बिचकणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. उतरण्याआधी अंग धुवायचं आणि पाणी फार कढत वाटलं तर शेजारचा गार पाण्याचा नळ सोडायचा.

शाकाहारींसाठी. वारीसारखं वाटेत कोणी अन्नछत्र घालत नाही, दिवसभर दुकानही लागत नाही, डबा आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून घ्यावा लागतो. आणि मासे नकोत एवढं सांगून भागत नाही, दाशी म्हणजे सूपचं पाणीच माशाच्या किसाचं असतं, सोबा नूडल्सच्या रश्शात ते, उकडलेल्या भाजीत ते. तानाबेच्या कुमानो ट्रॅव्हल या बुकिंग साइटवर आधीच स्पष्ट लिहा, काही घरं जमवतात, काही सरळ नाही म्हणतात, नाही म्हणणारी जास्त प्रामाणिक. मेहारी-झुशी शोधा, खारवलेल्या मोहरीच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा, पोटभरीचा. बाकी चिवडा, मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू आमच्याकडे होतेच. खोल्या थोड्या आहेत, एप्रिल आणि नोव्हेंबरसाठी कित्येक महिने आधी बुक करा. जेवण सहाला म्हणजे सहाला, चारपर्यंत पोचलेलं बरं, नोव्हेंबरात साडेचारला जंगलात अंधारतं. बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवायची सेवा आहे, पैसे द्या आणि हलकं चाला. जून-जुलैचा पाऊस आणि त्यानंतरची वादळं टाळा, हा भाग जपानमधल्या सगळ्यात ओल्या भागांपैकी आहे.

शेवटचा टप्पा कोगुचीहून नाचीला, साडेचौदा किलोमीटर, सुरुवातीलाच आठशे मीटरचा चढ. नवरा एकटा गेला, आम्ही दोघी बसने शिंगूमार्गे. तो आला तेव्हा जिन्यावरून उतरताना कठडा धरत होता. नाचीचा धबधबा १३३ मीटर, आणि शेजारी सेइगांतो-जी देऊळ, जे म्हणे भारतातून समुद्रात वाहत आलेल्या राग्यो नावाच्या साधूने चौथ्या शतकात स्थापलं. बौद्ध धर्म जपानला अधिकृतपणे पोचला सहाव्या शतकात, तेव्हा हिशोब जुळत नाही, पण भारतीय म्हटल्यावर तिथल्या काकांनी मोठ्या उत्साहाने ही गोष्ट सांगितली आणि आम्हीही मान डोलावली.

परत जाताना किई-कात्सुउराहून ओसाकाला कुरोशिओने चारेक तास लागतात, नागोयाला जायचं असेल तर नांकी एक्सप्रेस, पण ती दिवसात फार कमी वेळा आहे, टाइम बघूनच नाचीहून खाली उतरा. स्टेशनजवळ पाय बुडवायला फुकट गरम पाण्याचं कुंड आहे, गाडीला वेळ असेल तर मोजे काढून बसा, टॉवेल आपला न्या.