लेथवर लाकडी पेन करताना हाताला लय कशी सापडली

लाकडी पेन बघितला की लोक पहिलं विचारतात, एक व्हायला वेळ किती लागतो. याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, ते कातायचं काम त्यातलं सगळ्यात छोटं आहे, खरा वेळ त्याच्या आधी आणि नंतर जातो, आणि माझ्या मते हाताला लय सापडते ती पण तिथंच.

मी स्लिमलाइन किटपासून, म्हणजे बारीक पेनच्या सुट्या भागांच्या संचापासून, सुरुवात केली. यात पितळेच्या दोन बारीक नळ्या येतात, ७ मिमीच्या. पाऊण इंची चौकोनी लाकडाचे दोन तुकडे करायचे, आरपार ७ मिमीचं भोक पाडायचं, नळ्या आत चिकटवायच्या आणि मग ते मँड्रेलवर, म्हणजे लेथला बसणाऱ्या बारीक दांड्यावर, चढवून कातायचं. कापायच्या आधी लाकडावर पेन्सिलीने एक लांब रेघ मारून ठेवायची म्हणजे दोन्ही तुकड्यांचे रेषे नंतर जुळवता येतात, नाहीतर पेनचा वरचा भाग एका झाडाचा आणि खालचा दुसऱ्याच झाडाचा वाटतो.

सुरुवातीला एकेक पेन अथपासून इतिपर्यंत करायचो. शिकायला ते चांगलंच आहे, सगळ्या पायऱ्या कळतात. पण दर थोड्या वेळाने चक (भोक पाडताना वापरायची पकड) काढा, मँड्रेल लावा, हत्यार बदला, यात हात बसत नाही. मग कामं वेगळी केली. एका दिवशी फक्त कापणं आणि भोकं, संध्याकाळी सगळ्या नळ्या एकदम एपॉक्सीने (दोन भाग मिसळून करायचा गोंद) चिकटवून रात्रभर ठेवून द्यायच्या, सकाळी टोकं सपाट करून कातायला घ्यायचं. उन्हाळ्यात तर हे सोलापुरात लागतंच, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही, त्यामुळे कातायचं काम पहाटे उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत. भोकं पाडताना मात्र घाई करायची नाही, ड्रिल थोडं आत गेलं की बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, परत आत. बाभळीसारखं कडक लाकूड आतून तापलं की तडकतं. आणि सागवान तेलकट असतं, चिकटवायच्या आधी भोक थिनरने पुसून घेतलं तर नळी पक्की बसते.

टोकं सपाट करायची पायरी लोकांना किरकोळ वाटते, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. टोक नळीशी काटकोनात नसेल तर मँड्रेलचा नट आवळला की बारीक दांडा वाकतो आणि पेन एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ होतो. टेलस्टॉक, म्हणजे लेथचा दुसऱ्या टोकाकडून दाबून धरणारा भाग, जास्त दाबला तरी तेच होतं. लाकूड जागच्या जागी फिरणार नाही इतपतच आवळायचं, त्याच्या पुढे नाही.

आता कातायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक ओळखीचे काका आहेत, आयुष्य लोखंडाच्या लेथवर गेलेलं, ते एकदा शेडमध्ये येऊन माझा हात बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दाबायलायस कशाला बे, धार काम करती, तू नुसतं धर." लोखंडाचं आणि लाकडाचं तंत्र वेगळं आहे, पण हे वाक्य दोन्हीकडे खरं. तेव्हापासून पटाशीला धार लावणं हे मी वेगळं काम मानत नाही, ते कातण्यातच धरतो, दर एक-दोन पेन झाले की ग्राइंडरकडे. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ, असतो, ते धार फार लवकर खातं, तिथं तर प्रत्येक पेनला.

स्पीडचं पण सांगतो, कारण नवीन माणूस घाबरून लेथ हळू ठेवतो. पेन जेमतेम ८-१० मिमी जाड, एवढ्या बारीक गोलाईला आरपीएम (मिनिटाला फेरे) कमी ठेवला तर लाकूड धारेसमोरून सावकाश सरकतं आणि रेषे उपटले जातात. चौकोनाचा गोल होईपर्यंत मी १२००-१५०० ठेवतो, गोल झाला की २५०० च्या आसपास. चौकोन असताना टक-टक-टक असा आवाज येतो, कोपरे जातील तसा तो जवळ जवळ येत एकसारखा होतो, आणि हत्याराला धार असेल तर शेवटी नुसती सळसळ राहते आणि लाकडाची लांब लांब वेटोळी हातावरून वाहत येतात. भुसा उडायला लागला आणि आवाज खरखरीत झाला की थांबायचं, धार गेली. माझं लहानपण पूर्व भागात यंत्रमागांच्या आवाजात गेलं, तिथं लोक दुसऱ्या खोलीत बसून सांगायचे की माग नीट चाललाय का नाही, लेथवर मला तसाच कान लागला. आता डोळा बुशवर, म्हणजे तुकड्याच्या टोकांना मँड्रेलवर बसवलेल्या मापाच्या कड्यांवर असतो, किती लाकूड उरलंय ते बघायला, बाकी सगळं कान सांगतो, आणि अंग कमरेतून डावीकडून उजवीकडे आपसूक सरकतं, नुसत्या मनगटाने होत नाही ते. तो सळसळीचा आवाज लागला की मला दुसरं काही नको असतं, खरंच.

पॉलिश पेपर १५० पासून ६०० पर्यंत, आणि प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून रेषांच्या दिशेने हाताने घासायचं, त्याशिवाय गोल ओरखडे जात नाहीत. बुश लोखंडाचे असतात, त्यांच्यावर पेपर घासला की काळी पूड निघते आणि फिकट लाकडात भरते. चिंचेच्या बाहेरच्या पिवळट लाकडात ती फार दिसते, म्हणून तिथं टोकाच्या जरा अलीकडेच थांबायचं. चमक हवी असेल तर फेविक्विकसारख्या सुपरग्लूचे पातळ थर देतात. तो हवेतल्या ओलाव्यावर सुकतो, त्यामुळे आमच्या कोरड्या उन्हाळ्यात जरा वेळ घेतो आणि पावसाळ्यात पटकन धरतो पण कधी कधी पांढुरका पडतो. वाफ डोळ्यांना झोंबते, चष्मा आणि खिडकी उघडी पाहिजेच, भुशासाठी मास्क पण. मला स्वतःला लाखेचं पॉलिश आणि वर मेण जास्त आवडतं, टिकतं कमी, पण हातात लाकूड लागतं, प्लॅस्टिक नाही.

जोडणी सावकाश. रिफील आत-बाहेर करणारी फिरवायची मशीन नळीत थोडी थोडी दाबत रिफील लावून बघत जायचं, कारण जास्त आत गेली तर सहजासहजी बाहेर येत नाही. स्लिमलाइनला क्रॉस टाइप (क्रॉस कंपनीच्या पेनची) रिफील लागते, ती प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही, म्हणून कुणाला भेट द्यायचा असेल तर पार्कर टाइप रिफीलचं किट घ्या, माणूस तो पेन पुढं वापरत राहील.

सध्या एका जुन्या हातमागाच्या सागवानाचे पेन चालू आहेत, ज्यांच्या घरचा माग होता त्यांच्याच नातवंडांसाठी, त्यात खिळ्याच्या जागी काळे डाग आहेत ते मुद्दाम दर्शनी बाजूला घेतोय. आणि वखारीतून चिंचेचे ओले तुकडे आणलेत, टोकांना मेण लावून ठेवलेत म्हणजे तिथून चिरा पडत नाहीत, प्रत्येकावर वजन आणि तारीख लिहिली आहे, वजन उतरायचं थांबलं की तो तुकडा ड्रिलला घ्यायचा.