भट्टीच्या वहीतलं माझं अक्षर

आज झोप येणार नाहीये. शाळेतली मातीची भांडी भाजायची भट्टी दुपारीच बंद झाली, आता नुसती गार होतीये, पण माझ्या डोक्यात चालूच आहे. म्हणून लिहायला बसले, नाहीतर ही रोजनिशी अकरा दिवस कोरीच पडलीये.

स्टुडंट एक्सचेंजचा, म्हणजे परदेशातल्या शाळेत शिकायला यायचा, फॉर्म भरताना आवडीच्या रकान्यात मी बिनधास्त 'कला' लिहिलं होतं. लिहिणारच ना, घरी कुणी आलं की आई माझी चित्रं बाहेर काढणार आणि आलेली माणसं म्हणणार वा, कलाकार आहे हो पोरगी. इतकी वर्षं ऐकल्यावर आपल्यालाही ते खरंच वाटायला लागतं. इथल्या शाळेत एक तरी क्रिएटिव्ह विषय घ्यावाच लागतो. ड्रामा होता, फोटोग्राफी होती, सिरॅमिक्स होतं. ड्रामा म्हणजे परक्या भाषेत सगळ्यांसमोर बोलायचं, नको रे बाबा. सिरॅमिक्स घेतलं कारण मातीशी बोलावं लागत नाही. खरं कारण एवढंच.

पहिला महिना नुसता चिखल. मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या बरोब्बर मधोमध आणायचा, त्याला सेंटरिंग म्हणतात, आणि ते जमलं नाही तर पुढचं काहीच जमत नाही. कोपर मांडीत रोवायचं, हात ओले ठेवायचे आणि हात अजिबात हलू द्यायचा नाही, शेवटी मातीच दमून सरळ होते. माझी होत नव्हती. शेजारची मुलगी बोलता बोलता कप काढायची आणि माझा गोळा गचके खात चाकावरून उडायच्या बेतात.

मग एका तासाला मॅडम म्हणाल्या, आज जे काय बनवाल ते तारेने मधोमध कापायचं, भिंत किती जाड आणि तळ किती जाड ते आतून बघायला. वर्गात सगळे हळहळले, एकाने तर आपला बाउल पाठीमागे लपवला. मी तीन कापले. आणि काय सांगू, अख्ख्या भांड्यापेक्षा मला ते कापलेलं अर्धं जास्त आवडलं! तळाला बोटभर जाडी आणि वर जाता जाता पापुद्रा, म्हणजे माझा हात कुठे घाबरला आणि कुठे घाई केली ते सगळं तिथे उघडं पडलेलं. तेव्हा वाटलं मी जरा विचित्रच आहे, आणि विसरून गेले.

त्यानंतर तो प्रकार झाला. माझं एक जाडजूड भांडं पहिल्या भाजणीत फुटलं. नुसतं तडकलं नाही, त्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि बाजूच्या दोन मगांचे कान गेले. चूक शंभर टक्के माझी, हाताला गार लागत होतं तरी 'वाळलं' म्हणून मीच ते फळीवर ठेवलं होतं. ज्याचे मग होते त्याला सॉरी म्हणायला मी रात्रभर एक वाक्य पाठ केलं आणि सकाळी त्यातलं क्रियापदच चुकलं, मी बहुतेक म्हणाले की 'तुझे मग मला माफ करतील'. तो हसायला लागला. मग मीपण.

पण मला माफीपेक्षा जास्त 'का फुटलं' तेच खात होतं. सगळे म्हणाले हवेचा बुडबुडा राहिला असेल. मॅडम म्हणाल्या, बुडबुड्याला उगाच बदनाम करतात, खरा गुन्हेगार पाणी. माती वरून कोरडी दिसली तरी जाड तळाच्या पोटात ओल असते, १०० अंशांपाशी तिची वाफ होते आणि वाफेला पाण्यापेक्षा दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. भट्टी घाईने तापवली तर त्या वाफेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. हे सांगताना त्यांनी कपाटातून एक मळकी वही काढली, भट्टीची नोंदवही. तारीख, वेळ, तापमान, आत काय ठेवलं, काय बिघडलं. कित्येक वर्षांची वेगवेगळी अक्षरं. मी मधली सुट्टी संपेपर्यंत ती वाचत बसले, जेवणच राहिलं.

मॅडमनी पाहिलं असणार, कारण पुढच्या भाजणीला पेन माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून तास सुटला की पळत भट्टीपाशी, आकडा लिहायचा, परत पळत पुढच्या तासाला. ५७३ अंशांच्या आसपास हळू जायचं कारण तिथे मातीतल्या क्वार्ट्झ नावाच्या खनिजाची रचना बदलते आणि त्याचं आकारमान एकदम वाढतं, गार होताना तेवढंच आकसतं, हे मला आता झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि ते कोन, म्हणजे शंकू! हर्मान सेगर नावाच्या जर्मन केमिस्टने १८८६ मध्ये काढलेली युक्ती. करंगळीएवढे निमुळते सुळके भट्टीत उभे करायचे, आणि ठरलेली उष्णता पुरेसा वेळ मिळाली की ते वाकतात. थर्मामीटर फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो, कोन सांगतो की मातीने एकूण किती सोसलं. आज दुपारी काळा चष्मा लावून छोट्या भोकातून पाहिलं, आत सगळं नारिंगी, आधी काही दिसतच नाही, मग डोळा सरावतो आणि त्या उजेडात एक सुळका मान टाकत असलेला दिसतो. १२२२ अंश, ३ वाजून ४० मिनिटं. लिहिताना हात थरथरत होता हे कबूल करते.

आत माझ्या चोवीस टाइल्स आहेत. भांडं एकही नाही. एकाच ग्लेझचे, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाचे, छोटे छोटे भाग केले आणि कोबाल्ट कार्बोनेट पाव टक्का, अर्धा, एक, दोन, असं वाढवत गेले. तसंच लोहाचं, तसंच तांब्याचं. भुकटी कालवताना मास्क लावायचाच, सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. कोबाल्टवाल्या टाइल्स आत गेल्या तेव्हा फिक्या गुलाबी-जांभळट होत्या, उद्या निळ्या होऊन येतील. लोह थोडं असेल तर मधासारखा रंग येतो, वाढवत नेलं तर गडद तपकिरी. मागच्या वेळी सतरा नंबरच्या टाइलवर फोड आले होते आणि सोळा-अठरा मात्र गुळगुळीत. का? यावेळी सतरा नंबर दोनदा केलाय.

टर्मच्या शेवटी प्रदर्शन आहे. सगळ्यांनी आपलं सगळ्यात चांगलं भांडं द्यायचं, आणि माझ्याकडे देण्यासारखं भांडंच नाहीये. आधी रडू आलं, खोटं कशाला बोलू. घरी सगळ्यांना काय सांगणार, परदेशात जाऊन कलाकार पोरगीने फळ्यावर चौकोन चिकटवले? मग एकदम आठवलं की चित्रकलेच्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर मी पेन्सिलींचे चौकोन भरायचे, २एच पासून ६बी पर्यंत, प्रत्येकाखाली नंबर. तासन्‌तास. चित्र पूर्ण करायचा कंटाळा यायचा पण ते पान कधी अर्धवट राहिलं नाही. आईने ते पान कुणालाच दाखवलं नाही, मीपण नाही. मला ते चित्र वाटलंच नव्हतं ना.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, काय बनवलंस दाखव की. मी मागच्या भाजणीची टाइल कॅमेऱ्यासमोर धरली.

"हे काय, फरशी?"

मी म्हटलं हो, फरशीच. मग उलटी करून मागचा नंबर दाखवला आणि बाराचा आणि तेराचा फरक सांगायला लागले, आणि ती अर्धा तास ऐकत राहिली, मध्येच म्हणाली, "अगं तू फोनवर एवढं कधी बोललीच नव्हतीस." खरं तर इथेही कधी बोलले नव्हते. हल्ली ज्याचे मग फोडले तोच मला विचारतो, माझं वाळलंय का बघ ना. मी हात लावून बघते, गार लागलं तर नाही म्हणते. क्रियापद अजून चुकतं.

भट्टी १०० च्या खाली आल्याशिवाय उघडायची नाही, म्हणजे उद्या दुपार. इथे जिच्या घरी राहते त्या होस्ट आईला सांगून ठेवलंय, उशीर होईल. वहीत सतराच्या दोन्ही टाइल्ससमोर जागा मोकळी सोडलीये, आणि जाड हातमोजे आत्ताच बॅगेत भरलेत.