उंचवटा एकाच पोलरायझेशनमध्ये होता

स्पेनमधल्या पिको वेलेता डोंगरावर, 2,850 मीटर उंचीवर, 30 मीटर व्यासाच्या दुर्बिणीने मी एका फिकट, विरळ दीर्घिकेत रेण्वीय वायू, म्हणजे ज्यातून तारे जन्मतात तो वायू, शोधत होते. अणुरूप हायड्रोजन तिच्यात भरपूर. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने मिळालेला त्याचा नकाशा माझ्याकडे होता, दीर्घिकेचा वेगही ठाऊक होता. मग तारे इतके थोडे का? हा प्रश्न मला वर्षभर छळत होता.

हायड्रोजनचा रेणू थंड ढगात जवळजवळ मुकाच असतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडची 115.27 गिगाहर्ट्झची वर्णपटरेषा शोधायची. अशा दीर्घिकांत कार्बन, ऑक्सिजनच कमी आणि धूळ विरळ, त्यामुळे अतिनील प्रकाश तो रेणू सहज फोडतो. मालिन 1 ही दीर्घिका 1987 साली जाहीर झाली, तिच्यात हा रेणू सापडला तो 2024 मध्ये, तोही चिलीतल्या आल्मासारख्या बलाढ्य दुर्बिणीला.

नॉइज निम्मा करायचा तर वेळ चौपट लागतो. पहिल्या रात्री हवेत बाष्प होतं, तरी निरीक्षण चालू ठेवलं. दुसरी रात्र कोरडी मिळाली. मोजमापांची सरासरी काढत गेले तसा वर्णपटात नेमका अपेक्षित वेगापाशी एक बुटका उंचवटा वर आला. माझे हात थरथरत होते. मॅडमना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, दोन्ही पोलरायझेशन वेगवेगळी काढून बघ आधी."

काढली. दुर्बीण लहरींची आडवी आणि उभी कंपनं वेगवेगळी नोंदवते, तीच ही दोन पोलरायझेशन. आडव्यात उंचवटा होता, उभ्यात सपाट रेषा. दीर्घिकेचा सिग्नल असता तर दोन्हींत दिसला असता. मग रात्रीही वेगळ्या केल्या: उंचवटा सगळा पहिल्या रात्रीच्या चाळीस मिनिटांतला निघाला, बेसलाइन, म्हणजे सिग्नलखालची सपाट असायला हवी ती रेषा, लाटेसारखी हललेली. ती मोजमापं काढली आणि उंचवटा गेला. मी बाहेर जाऊन थंडीत बराच वेळ उभी राहिले.

हाती आली ती वरची मर्यादा: रेण्वीय वायू असलाच तर याहून कमी. पेपरच्या तक्त्यात आकड्याआधी '<' हे चिन्ह. त्या आकड्यासाठीही रेषेची रुंदी अणुरूप हायड्रोजनवरून आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सिग्नलवरून रेण्वीय वायूचं वस्तुमान काढायचं गुणोत्तर आपल्या आकाशगंगेवरून घ्यावं लागलं. हे दुसरं गृहीतक मला आजही खटकतं.

शिवाय दुर्बिणीची शलाका, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, जेमतेम 22 आर्कसेकंदांची (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग), ती आम्ही केंद्रावरच रोखली होती. दीर्घिकेच्या तबकडीच्या कडेला निळ्या ताऱ्यांचे दोन ठिपके दिसतात. नव्या प्रस्तावात तिथले निर्देशांक दिले आहेत.