'द हिच-हायकर' १:२४ : दगड झाले, आता गाडी

मंडळी, 'द हिच-हायकर' या चित्रपटाच्या डायोरामाचं (प्रसंगाच्या छोट्या प्रतिकृतीचं, १:२४ म्हणजे मूळच्या चोविसाव्या भागाच्या मापात) काम पुढे सरकलंय. पाया आणि दगड तयार आहेत, आता गाडीच्या आतलं चालू आहे.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी: १९५३ चा आरकेओ या हॉलिवूड स्टुडिओचा चित्रपट, लांबी ७१ मिनिटं, दिग्दर्शन आयडा लुपिनोचं. मासेमारीला निघालेले दोन मित्र वाटेत एकाला लिफ्ट देतात आणि तो निघतो खुनी. पुढचा सगळा प्रवास पिस्तुलाच्या धाकात, मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियातून. बिली कुक या खऱ्या खुन्यावरून हे बेतलंय. तो बाहातल्याच सांता रोसालिया गावात सापडला आणि डिसेंबर १९५२ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याला मृत्युदंड दिला गेला. चित्रपट त्यानंतर तीनेक महिन्यांत लागला.

नॉयर (गुन्हेगारीचे काळोखे कृष्णधवल चित्रपट) म्हटलं की ओले रस्ते, जिने, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या. इथे आडोसाच नाही. मैलोन्‌मैल दिसतं, आणि तरी पळून जायला जागा नाही. म्हणून एकाच पायावर दोन प्रकाशयोजना करतोय: दिवसाचं रणरणतं ऊन आणि रात्रीची मागची सीट.

चित्रीकरण मात्र झालं अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये. तिथला ग्रॅनाइट झिजून गोलसर झालाय, हंपीच्या धोंड्यांसारखा. आपला हात दिवाळीच्या किल्ल्यावर बसलेला, त्यामुळे कडे आपसूक सह्याद्रीचे उतरतात, पायऱ्यापायऱ्यांचे. थर्माकोल सुरीने न कापता हाताने मोडला, कडा सँडपेपरने मारल्या आणि वर कागदाच्या लगद्याचा पातळ हात दिला. आता धोंडे एकमेकांवर रेलल्यासारखे दिसतात. जमिनीसाठी चाळलेली वाळू आणि राख. नुसती पांढरी रांगोळी कृष्णधवल फोटोत पांढरीफटक पडते, सगळे बारकावे जातात.

उन्हासाठी एकच टॉर्च, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, समोर काही न लावता. टॉर्च जवळ आणला की सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि सूर्याचा भास तिथेच संपतो.

खरी मजा मागच्या सीटची. सुरुवातीला लुपिनो खुन्याचा चेहरा दाखवतच नाही. पाय दिसतात, पिस्तूल दिसतं. मग मागच्या सीटवरच्या काळोखातून तो उजेडात पुढे झुकतो. छायालेखक निकोलस मुसुराका, 'आउट ऑफ द पास्ट'वालेच. मॉडेलमध्ये मायर्सचे, म्हणजे या खुन्याचे, दोन पुतळे केलेत, एक मागे टेकलेला, एक झुकलेला; टप सुटा ठेवलाय म्हणजे अदलाबदल सोपी. डॅशबोर्डमागे ३ मिमी एलईडी, त्यावर बटर पेपर. पण एवढ्याशा जागेत उजेड टपाला आपटून मागे पसरतो आणि मायर्स आधीच दिसायला लागतो. टपाला आतून काळा वेल्वेट पेपर चिकटवल्यावर काळोख जागेवर बसला.

राहता राहिला डोळा. मायर्सची एक पापणी मिटतच नाही (हेही कुकवरूनच), त्यामुळे रात्री हा झोपलाय की जागा आहे ते दोघांना कळत नाही. या प्रमाणात डोळा जेमतेम सव्वा मिलिमीटर. ट्रिपल झीरो ब्रशने बुबुळ काढलं आणि वर सुईच्या टोकाने पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका ठेवला. एलईडीचा उजेड त्यावर बरोबर चमकतो. दुसऱ्या डोळ्याला मुद्दाम काही लावलं नाही. (मायर्स झालेला हाच विल्यम टॉलमन पुढे टीव्हीवर 'पेरी मेसन'मध्ये सतत हरणारा सरकारी वकील झाला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.)

पुढचा टप्पा डब्याचा प्रसंग: एका मित्राच्या हातातला डबा मायर्स दुसऱ्या मित्राला गोळीने उडवायला लावतो. रिफिलच्या नळीचा ५ मिमी तुकडा आणि चंदेरी कागद, डबा झाला. अडलंय ते हातावर. तयार पुतळ्यांच्या मुठी घट्ट बंद असतात. एपॉक्सी पुटीने बोटं कुणी नव्याने केली असतील तर आत तार कितीची घेतली ते सांगा.