सायक्लोन टेलरची सरकारी नोकरी

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या माणसापुढे स्टॅनले कपचा, म्हणजे आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या करंडकाचा, विषय काढू नये. इथला कनक्स संघ १९८२, १९९४ आणि २०११ साली अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. २०११ला तर लोकांनी डाउनटाउनमध्ये गाड्या जाळल्या. पण एखाद्या जुन्या हॉकीवेड्याला तुम्ही म्हणालात की या शहराने कप कधी जिंकलाच नाही, तर तो लगेच तुमचं बोलणं तोडतो. १९१५! व्हँकुव्हर मिलियनेअर्स! आणि मग त्या संघातल्या सायक्लोन टेलरचं पुराण सुरू होतं.

मीही ते बरेचदा ऐकलंय. मात्र त्यातला एक भाग सांगणारे गाळतात, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

फ्रेड टेलर ओंटारिओतल्या लिस्टोवेल या लहान गावात वाढला. शाळा लवकर सुटली, पियानोच्या कारखान्यात कामाला लागला, हिवाळ्यात बर्फावर खेळायचा. त्याचा वेग पाहून टोरांटोच्या एका संघासाठी बोलावणं आलं. त्याने नाही म्हटलं. ओंटारिओ हॉकी असोसिएशन तेव्हा हौशी खेळाची कडक राखणदार होती. तिने नकाराची शिक्षा म्हणून त्याला एक अख्खा हंगाम खेळूच दिलं नाही. या हौशी खेळाच्या सोवळ्याची मला गंमत वाटते. खेळाडूने पैसे मागायचे नाहीत, पण हुकूम मात्र नोकरासारखा पाळायचा! टेलर आधी मॅनिटोबात गेला आणि १९०६ मध्ये सीमेपलीकडे मिशिगनमधल्या हॉटनला. तांब्याच्या खाणींच्या त्या गावात उघडपणे पगार देणारी पहिली हॉकी लीग चालू होती.

१९०७च्या शेवटी ओटावाने त्याला बोलावलं. दहा सामन्यांच्या हंगामाचे ५०० डॉलर, आणि सोबत केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्यात कारकुनाची जागा, महिना ३५ डॉलर. आपल्याकडे रेल्वे आणि बँका खेळाडूंना नोकरीवर घेत, तोच प्रकार. त्याचं 'सायक्लोन' हे नाव इथलंच. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे सामना पाहून म्हणाले की हा चार नंबरचा पोरगा म्हणजे वादळ आहे, असं सांगतात. तेव्हाच्या नियमांमुळे पक (खेळातली रबरी चकती) पुढच्या साथीदाराकडे देता येत नसे, तो स्वतःच पळवत न्यावा लागे. प्रत्येक संघाचे सात खेळाडू, आणि बहुतेक जण पूर्ण ६० मिनिटं बर्फावर. अशा खेळात सर्वांत जोरात स्केटिंग करणाऱ्याला सोन्याचा भाव येणारच. १९०९ साली ओटावाने स्टॅनले कप जिंकला.

सोनं नव्हे, पण चांदी खरोखरच आली. रेनफ्रू या छोट्या गावातल्या ओब्रायन कुटुंबाचा चांदीच्या खाणींत पैसा होता आणि त्यांना गावासाठी कप हवा होता. १९१०च्या हंगामासाठी त्यांनी टेलरला ५,२५० डॉलर दिले, जेमतेम दोन महिन्यांच्या खेळाचे! ओटावाचे लोक चिडले. त्यात टेलरने फुशारकी मारली म्हणे, की ओटावाच्या बचावातून उलटं स्केटिंग करत गोल करून दाखवेन. ओटावातल्या सामन्यात काही जमलं नाही. रेनफ्रूच्या बर्फावर मात्र ओटावा १७-२ने हरला आणि त्यात तो गोल झाला, असं लोक सांगतात. किती अंतर उलटा गेला, यावर प्रत्येकाची आवृत्ती वेगळी. कप मात्र रेनफ्रूला मिळाला नाही आणि दोन हंगामांत संघच बंद पडला.

मग व्हँकुव्हर. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या भावांनी वडिलांच्या लाकूड व्यवसायाच्या पैशातून पश्चिम किनाऱ्यावर नवी लीग काढली होती. इथल्या दमट हिवाळ्यात तळी गोठत नाहीत, म्हणून त्यांनी डेनमन स्ट्रीटवर कृत्रिम बर्फाची, दहा हजारांवर प्रेक्षक मावतील अशी रिंक बांधली. १९१२च्या हिवाळ्यात टेलर आला. संघ बदलला तरी खातं तेच, इमिग्रेशनचं.

आता तो गाळलेला भाग. २३ मे १९१४ला 'कोमागाता मारू' बुरार्ड खाडीत येऊन थांबली. जहाजावर पंजाबचे ३७६ प्रवासी, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. कॅनडाचा नियम असा, की मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून यायचं आणि खिशात २०० डॉलर हवेत. भारतातून थेट येणारं जहाजच नव्हतं, आणि नियमाची मेख तीच होती. त्या जहाजावर सर्वांत आधी चढलेला कॅनडाचा इमिग्रेशन अधिकारी म्हणजे सायक्लोन टेलर.

धोरण त्याचं नव्हतं. पण तो त्या खात्याचा माणूस होता, हेही खरंच. मोजके प्रवासी सोडून कुणालाच उतरू दिलं नाही. जुलैत रात्री पोलिसांची बोट चालून आली, तर प्रवाशांनी कोळसे फेकून ती परतवली. २३ जुलैला युद्धनौका सोबत देऊन जहाज हाकललं गेलं. सप्टेंबरात कोलकात्याजवळ बजबज इथे गोळीबार झाला, जवळपास वीस प्रवासी मेले. या प्रकाराने अमेरिका-कॅनडातल्या भारतीयांची ब्रिटिशविरोधी गदर चळवळ पेटून उठली. तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे त्याच चळवळीतून भारतात परतले आणि मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. नोव्हेंबरात लाहोरला त्यांना फाशी झाली.

त्याच मार्चमध्ये इकडे डेनमनच्या रिंकमध्ये टेलरच्या संघाने ओटावाला ६-२, ८-३, १२-३ असं धुतलं. तोच तो १९१५चा कप.

पुढे १९१७-१८ मध्ये त्याने १८ सामन्यांत ३२ गोल केले. १९२२च्या अखेरीस खेळ सुटला, नोकरी नाही. बढती घेत घेत तो ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा इमिग्रेशन आयुक्त झाला आणि १९५०ला निवृत्त झाला. १९४७ साली हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण त्याच्या आदल्या वर्षी मिळालेली ओबीई ही ब्रिटिश पदवी इमिग्रेशनच्या कामासाठी होती. १९७९ मध्ये तो वारला. कोमागाता मारूबद्दल कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली, ती २०१६ साली.

कनक्सच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला आजही सायक्लोन टेलर ट्रॉफी देतात. व्हँकुव्हरशेजारच्या आमच्या सरी शहरात शनिवारी रात्री शेजारच्या पंजाबी काकांकडे हॉकी लागते, पंजाबी समालोचनासकट, आणि यंदाची ट्रॉफी कुणाला द्यावी यावर काका आणि त्यांच्या नातवाचं कधीच एकमत होत नाही.