दाराच्या पत्र्याची दुसरी बाजू

एका जुन्या रोल्स-रॉईसच्या मालकाला माझ्याकडून एकच कागद हवा आहे: 'बॉडी बार्कर कंपनीची, मूळची.' मी तो देत नाही. त्यामुळे गाडी डावं मागचं दार काढलेल्या अवस्थेत कामठी रोडवरच्या माझ्या गॅरेजमध्ये उभी आहे आणि आमच्या दोघांचं बोलणं सध्या कामापुरतंच उरलं आहे.

गाडी रोल्स-रॉईस 20/25, 1933ची. 1929 ते 1936 या काळात अशा 3,827 चेसिस निघाल्या. मुद्दाम चेसिस म्हणतोय. त्या काळी रोल्स-रॉईस पुरी गाडी बनवतच नव्हती. सांगाडा, 3,669 सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, रेडिएटर असं सगळं तयार करून द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाइकाने हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली अशा एखाद्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची. आत लाकडाचा साटा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यामुळे अशा गाडीला दोन जन्म असतात, आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कहाणीत त्यातला एकच असतो.

मालकाच्या घरची कहाणी अशी: गाडी छत्तीसगडातल्या एका लहान संस्थानाची. 1 जानेवारी 1948ला ती संस्थानं मध्य प्रांतात विलीन झाली, मग आजोबांनी गाडी विकत घेऊन नागपूरला आणली. आजोबा मालगुजार, म्हणजे जमीनदार. नंतर गाडी शहराबाहेर फारशी गेली नाही, पण राज्यं मात्र चार पाहिली: मध्य प्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई, महाराष्ट्र. कागदांची ती चळत पाहताना मला इंजिनापेक्षा जास्त मजा आली.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण चीड येते. आधीच्या कुणा गॅरेजवाल्याने ऑटोवॅक काढून फेकला होता. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची (फायरवॉलवरची) ही छोटी टाकी इंजिनाच्याच ओढीने मागच्या टाकीतलं पेट्रोल खेचून घेते आणि मग ते उतारानं कार्बोरेटरला पोचतं. नागपूरच्या मे महिन्यात पेट्रोलची वाफ होऊन ती त्रास देते, हे मान्य. म्हणून तिच्या जागी बाजारातला इलेक्ट्रिक पंप आणि घरातल्या फिटिंगची वायर? वर ॲम्बेसेडरचा कार्बोरेटर! निकेलच्या वस्तूंवर चकचकीत क्रोम चढवलं होतं. लग्नाच्या वरातीला भाड्याने जाणाऱ्या गाड्यांची आपल्याकडे अशीच वाट लागते.

तर दार. उघडी चार दारांची टुरर बॉडी, कापडी टप, आणि उंबऱ्यावर बार्करची नावपट्टी. मालकाचा सगळा भरवसा त्या पट्टीवर. उंबऱ्याचं लाकूड कुजलेलं, म्हणून मी पट्टी सोडवली. ती एका टोकाला कानसीने कापलेली निघाली. नाव मधोमध यायला हवं ते एका बाजूला सरकलेलं. बार्करचा कारागीर असं करेल? खालच्या लाकडाला पटाशी लावली आणि वास आला. तोच तेलकट, चामड्यासारखा वास. माझा सुतार शेजारीच होता. तो म्हणाला, "हे इंग्रजाचं लाकूड नोहे भाऊ. आपलं आलापल्लीचं सागवान हाय."

इंग्लंडात साटा ॲशच्या लाकडाचा करत. ते चिवट, लवचीक, वाफेवर वाकतं. पण इथल्या कीड-वाळवीपुढे टिकत नाही. सागवानाला वाळवी सहसा शिवत नाही, मात्र ते तसं वाकत नाही. म्हणून वळणाच्या जागी तुकडे जोडून गोलाई काढावी लागते, आणि तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. ही बॉडी करणाऱ्या बाबाने प्रत्येक जोडाला लाकडी खुंट्या मारल्या होत्या. जोडात आजही ब्लेडचं पातं शिरत नाही. आतल्या खांबावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'डावं मागलं'.

मग दाराचा पत्रा उतरवून उलटा केला. आतली बाजू गर्द मरून, त्यावर सोनेरी रंगाची बारीक रेघ, एका कडेला अचानक तुटलेली. ही कोचलाइन, बॉडीवरची शोभेची रेघ. हा रंग एके काळी बाहेर होता. कुणीतरी जुन्या बॉडीचा पत्रा कापला, उलटा केला आणि नव्या दाराला बेतून लावला. मी तो बाकावर ठेवून कितीतरी वेळ अंगठ्याने ती रेघ चाचपत होतो.

इंग्लंडमध्ये रोल्स-रॉईस एन्थुझियास्ट्स क्लबकडे जुन्या चेसिस कार्डांच्या, म्हणजे प्रत्येक चेसिसच्या कंपनीतल्या नोंदींच्या, प्रती मिळतात. आमची आली. कार्डावर बार्कर आहे, पण बॉडी लिमोझिन. बंद, पक्क्या टपाची. मालकाच्या आत्याबाईंना फोन करायला लावला. त्यांना पक्क्या टपाची गाडी आठवतच नाही. वाड्याच्या अंगणात सुतार बसलेले मात्र आठवतात. "बाबांना शिकारीला उघडी हवी होती," म्हणाल्या. मालकाने हे आत्याबाईंना आजवर कधी विचारलंच नव्हतं!

आता मुंबईचा एक गिऱ्हाईक तयार आहे आणि त्याला 'मूळ बार्कर टुरर' हवी आहे. शिवाय व्हिंटेज गाड्यांना मिळणारा व्हीए मालिकेचा नंबर. 2021च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. बॉडीत मोठा फेरफार नको, असं त्यात आहे. नियम लिहिणाऱ्यांना कोचबिल्ट हा प्रकार ठाऊक नसावा. सत्तर-पंचाहत्तर वर्षं अंगावर असलेली बॉडी मूळ, की पंधरा वर्षं असलेली?

मालक म्हणतो, "तुम्ही फक्त बार्कर लिहा, कार्डावर आहेच की." आहे, पण त्या लिमोझिनचं. मी लिहून दिलं ते असं: चेसिस 1933, पहिली बॉडी बार्कर लिमोझिन, सध्याची बॉडी नागपूरची, सागवानी, जुन्या पत्र्यातून. त्याला वाटतं, यानं भाव पडेल. पडेलही. पण ज्या सुताराचं नावसुद्धा कुठल्या कागदावर नाही, त्याच्या खुंट्या बार्करच्या नावावर खपवायला माझा हात धजत नाही.

उंबऱ्याचं कुजलेलं लाकूड तर बदलावंच लागणार आहे. सुतार रोज विचारतो, कोणतं आणू. ॲश परदेशातून मागवायचं तर आधी पैसे भरावे लागतात. सागवानाच्या फळ्या गॅरेजमध्येच पडून आहेत. मालकाचं उत्तर आलेलं नाही.